पास्टरम्मांचा मराठी राग

माझी आत्या मराठीत रागवायची. बाकीचं सगळं ती तमिळमध्ये करायची. बाजारहाट, प्रार्थना, आजाऱ्यांची विचारपूस, भाजीवालीशी घासाघीस, एवढंच काय, झोपेतली बडबडसुद्धा तमिळमध्ये. राग आला की मात्र ती स्वयंपाकघरात जायची, दार लोटून घ्यायची आणि भांड्यांकडे बघत नगरकडच्या खणखणीत मराठीत सुरू व्हायची. "येतात आणि बसतात. बसायला काय लागतं? दगडपण बसतो." पातेलं आपटायचं. "सेवा, सेवा म्हणून गळा काढतात, आणि पेला उचलून मोरीत ठेवायचा तर हात मोडतात यांचे." झाकण आपटायचं. मग पदराने तोंड पुसून ती बाहेर यायची आणि ओसरीवर बसलेल्या मंडळींना मऊ तमिळमध्ये विचारायची, "आणखी थोडी कॉफी घेणार ना?"

हे सगळं कुंभकोणमला, चर्चच्या मागे असलेल्या पाळकांच्या घरात चालायचं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, तिथल्या मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, होते. तमिळमध्येही आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, त्यामुळे माझी सोय झाली. आत्या तरुणपणी तमिळनाडूतल्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली. तिथे टायफॉइड होऊन आलेल्या, धर्मशिक्षण घेत असलेल्या एका मुलाची तिने शुश्रूषा केली आणि त्याच्याशीच लग्न केलं. करोना ओसरल्यावर मला कुंभकोणमच्या एका खासगी कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा माझ्या वडिलांनी बहिणीला फोन केला. आत्या म्हणाली, "मागची खोली रिकामी आहे. पाठवून दे. निदान मराठी कळणारं एक माणूस तरी येईल घरात." मी गेले आणि तिच्या रागाची एकुलती एक श्रोती झाले. निदान आम्हा दोघींना तसं वाटत होतं.

गावात तिला सगळे पास्टरम्मा म्हणत. पास्टरम्मांचं घर म्हणजे धर्मशाळा. लग्न ठरलं, सून भांडून माहेरी गेली, मुलाला परदेशी नोकरी लागली, काहीही झालं की माणसं आधी मामांकडे यायची, आणि मामांकडे येणं म्हणजे आत्याच्या हातची कॉफी पिणं. रविवारच्या उपासनेला ती माझ्या शेजारी दाराजवळच्या बाकावर बसायची. शेवटचं गीत सुरू झालं की पदर सावरून बाजूच्या दाराने निघून जायची, कारण पाच मिनिटांत सगळी मंडळी ओसरीवर येणार आणि दूध तापलेलं हवं. उपासनेच्या शेवटी पाळक दोन्ही हात उंचावून आशीर्वाद देतात. तिच्या स्वतःच्या नवऱ्याने दिलेला तो आशीर्वाद तिने वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. तोवर तिचं दूध उतू जायच्या बेतात असायचं.

तिला काळजी करायचा नादच होता. साखर आहे ना, पाहुण्यांच्या चादरी वाळल्या ना, आजारी शिक्षकांना पेज पोचली ना. एकदा मी म्हटलं, "आत्या, एखाद्या दिवशी कॉफी नाही मिळाली तर काय होईल?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चर्चला आग लावायची गोष्ट काढली. मग तिने लग्नाच्या दिवशीची हकीकत सांगितली. मांडवात मामांच्या नात्यातली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "मराठी पोरगी. चपात्या लाटणारी. ही काय चार माणसांना भात वाढणार?" आत्याला तेव्हा तमिळ फारसं येत नव्हतं, पण तेवढं वाक्य बरोबर कळलं. ती म्हातारी कधीच मरून गेली. आत्या मात्र अजून तिला जेवू घालत होती.

तिचा सगळ्यात जास्त राग सेल्वीटीचरवर होता. सेल्वीटीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, पांढऱ्याशुभ्र सुती साडीतल्या. रोज सकाळी त्या शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन मामांच्या बैठकीच्या खोलीत येत. एखाद्या वचनाचा अर्थ विचारत, डोळे मिटून ऐकत. सगळी मंडळी म्हणायची, भक्ती असावी तर टीचरसारखी. आत्या पडद्याआडून कॉफी नेऊन ठेवायची, परत यायची आणि कढईला सांगायची, "हिची भक्ती माझ्या कॉफीवर चालते." मामांनाही सोडायची नाही. "यांना देव दिसतो. मी दिसत नाही. मी काय देवापेक्षा बारीक आहे?" आत्या चांगली भरदार होती. मला हसू यायचं, पण तिच्याकडे पाहिलं की ते ओठांवरच राहायचं. तिचा चेहरा विनोद करणाऱ्या बाईचा नसायचा. मी तिथे होते त्या पहिल्या वर्षातच तो हळूहळू कडू होत गेला. पूर्वी प्रार्थनेत ती लोकांची नावं घ्यायची. नंतर नुसती मान खाली घालून बसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "नावं घेतली की त्यांची तोंडं दिसतात."

मग ती भिंतीपलीकडची गोष्ट घडली. मागच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड आणि कपडे धुवायचा दगड होता. त्याला लागून खांद्याएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे अंबुअम्मांचं घर. अंबुअम्मा पोस्टातून निवृत्त झालेल्या. आत्याची आणि त्यांची ओळख तमिळमध्ये हवापाण्याच्या गप्पा मारण्यापुरती, आणि कढीपत्ता देण्याघेण्यापुरती. त्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ होती, आणि आत्या दगडावर चादरी आपटत नेहमीचं पारायण करत होती. मामा झाले, टीचर झाल्या, मंडळीच्या कमिटीतले वडील, म्हणजे ज्येष्ठ सभासद, झाले. इतक्यात पलीकडून आवाज आला, "बाई, हे अस्कं त्यांस कधी सांगितलांत काय?"

आत्याच्या हातातली चादर हातातच राहिली. मी कपडे पिळत होते, मीही थांबले. भिंतीवरून अंबुअम्मांचा चष्मा आणि पिकलेले केस दिसत होते.

"तुम्हाला मराठी येतं?" आत्याने कसंबसं विचारलं.

"आमच्या घरची भाषा तीच. इथे मराठ्यांचं राज्य होतं, तेव्हा आमचे पूर्वज आले ते इथेच राहिले. बाहेर आम्ही तमिळ बोलतो. घरात हेच." त्यांची मराठी जुन्या वळणाची होती, आणि सूर तमिळ. अस्कं म्हणजे सगळं, हे आम्हाला अंदाजाने कळलं.

"मग इतकी वर्षं तुम्ही..."

"अस्कं ऐकलं. पहिल्या दिवशीच सांगणार होते. पण तुम्ही असं काही बोललांत, की आता सांगितलं तर तुम्हांस लाज वाटेल म्हणून गप्प राहिले. मग सवय झाली. टीव्हीवर तरी काय असतं? पण एक सांगते. तुमचा राग मला कळून काय उपयोग? ज्यांच्यावर आहे, त्यांना तमिळ येतं."

आत्या चादर तशीच टाकून आत गेली. पुढचे काही दिवस स्वयंपाकघर शांत होतं. भांडी आपटायची थांबली, आणि मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. तिने मला एवढंच विचारलं, "सरू, मी फार घाण बोलायचे का गं?" मी म्हटलं, घाण नाही, पण कडू. ती म्हणाली, "कडूच. आतून नासलेय मी. आणि वरून साखर घालून वाटतेय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हंगामाचा सण आला. त्या भागात भाताची कापणी झाली की चर्चमध्ये लोक लोंब्या, केळीचे घड, नारळ घेऊन येतात आणि उपकारस्तुती होते. त्या रविवारी बाहेरगावचे एक वक्ते संदेश द्यायला आले होते, आणि उपासनेनंतर त्यांचं आणि चाळीसेक माणसांचं जेवण आमच्याकडे होतं. आत्या पहाटे उठली. सांबार, दोन भाज्या, रसम, सगळं करून ठेवलं. तांदूळ धुऊन भिजत घातले. भात गरम वाढायचा म्हणून तो शेवटच्या गीताला जाऊन लावायचा, हे ठरलेलं होतं.

त्या पाहुण्यांनी संदेशाला नेमकी दोन बहिणींची गोष्ट घेतली. शुभवर्तमानातली ती गोष्ट आमच्यात लहान मुलांनाही ठाऊक असते. प्रभू एका घरी येतो, एक बहीण त्याच्या पायाशी ऐकत बसते, दुसरी स्वयंपाकात गुंतते. मग दुसरी येऊन तक्रार करते, आणि प्रभू तिला सांगतो की तू फार गोष्टींची काळजी करतेस, तुझ्या बहिणीने जे निवडलं ते चांगलं आहे. पाहुणे चांगले बोलत होते. आजच्या आपल्या बहिणी कामात इतक्या बुडाल्या आहेत की त्यांना प्रभूच्या पायाशी बसायला वेळ नाही, असं म्हणाले. मग हसत म्हणाले, "अर्थात, आपल्या पास्टरम्मांच्या हातच्या जेवणाची मी सकाळपासून वाट पाहतोय." सगळी मंडळी हसली. मामाही हसले.

शेवटचं गीत सुरू झालं. मी पाय बाजूला घेऊन आत्याला वाट करून दिली. ती उठली नाही. मी कुजबुजले, "आत्या, भात." ती म्हणाली, "गप बस." गीत संपलं. मामांनी हात उंचावले आणि त्यांची नजर आमच्या बाकाकडे गेली. आशीर्वादाचे शब्द म्हणताना ते एका ठिकाणी अडखळले, हे मी ऐकलं.

ओसरीवर केळीची पानं मांडली गेली. पाहुणे, कमिटीतले वडील, सेल्वीटीचर, सगळे बसले. आत्या आली आणि त्यांच्यातच एका खुर्चीवर बसली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग पाहुण्यांनी विचारलं, "जेवणाला अजून वेळ आहे का, अम्मा?"

आत्या तमिळमध्ये बोलली. आवाज चढला नाही, पण मऊपणाही नव्हता. "अय्या, तुम्ही सांगितलंत की बसणारी बहीण शहाणी. मला पटलं. मी बसले. किती वर्षांनी उपासनेच्या शेवटापर्यंत बसले ते माझं मलाच आठवत नाही. त्यामुळे भात झालेला नाही. आता आपण सगळेच शहाणे इथे बसलो आहोत. चूल कोणी पेटवायची, तेवढं सांगा."

पाहुण्यांना वाटलं, विनोद आहे. ते हसले. आत्या हसली नाही, म्हणून मग तेही थांबले. ती पुढे म्हणाली, "मला तुमचा राग येतो. सगळ्यांचा. रोज येतो. तुम्ही कॉफी पिता तेव्हा येतो, तुम्ही माझी स्तुती करता तेव्हा तर जास्तच येतो. हे मी आजवर तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोलत आले. आजपासून तमिळमध्ये बोलणार आहे."

पानाच्या कडेला पाणी शिंपडत असलेले एक वडील तसेच थांबले. मामा उठून आत गेले. आतून डबे हलवल्याचे आवाज आले. मग ते दारात येऊन उभे राहिले. "गॅसचा लायटर कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

"शोधा," आत्या म्हणाली.

तेवढ्यात सेल्वीटीचर उठल्या, पदर खोचला आणि मामांना बाजूला सारून आत गेल्या. आत्याला ते सहन झालं नाही. ती मागोमाग गेली, आणि तिच्या मागे मी. टीचर पातेल्यात पाणी ओतत होत्या.

"पास्टरम्मा, मी या दारात किती वेळा येऊन उभी राहिले, आठवतं का? मी म्हणायचे, काही करू का. तुम्ही म्हणायचात, तुम्ही बसा टीचर. मला घरी कोणी नाही. मला या स्वयंपाकघरात यायचं होतं. तुम्ही कधी येऊ दिलं नाहीत."

खरं होतं ते. ती कोणालाच आत येऊ द्यायची नाही. कोणी पेला विसळला तरी तो पुन्हा विसळायची. ती म्हणाली, "खरं आहे. मी बसा म्हणायचे." आणि लगेच, मान ताठ करून, "पण तुम्ही बसलातही."

टीचरना आधी रडू आलं आणि मग हसू. भात फार शिजला, पेजेसारखा झाला. सगळ्यांनी निमूट खाल्ला. पाहुण्यांनी स्वतःचं पान स्वतः उचललं.

संध्याकाळी मामा पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसले. ते भांडणारे गृहस्थ नव्हते. फक्त म्हणाले, "मला वाटायचं, तुला हे सगळं आवडतं."

"आवडतं," आत्या म्हणाली. "रोज नाही आवडत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केली असती. मला भांडी घासणारं कोणीतरी हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळची कॉफी करायला लागले. कॉफी भयंकर व्हायची. कुंभकोणमसारख्या कॉफीच्या गावात असली कॉफी पाहुण्यांसमोर ठेवायची म्हणजे धाडसच. आत्याने ते केलं. रविवारी तरुण पोरांना आणि त्यांच्या बापांना भांड्यांच्या पाळ्या लावून दिल्या. कमिटीतल्या एका वडिलांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की पास्टरम्मा अलीकडे उद्धट झाल्या आहेत. हे आत्याच्या कानावर आलं तेव्हा ती स्वतः त्यांच्या घरी गेली. "उद्धट मी आधीपासून होते," ती म्हणाली. "तुम्हाला आत्ता ऐकू येतंय." त्यांच्या बायकोने तिला बसवून घेतलं आणि आग्रहाने जेवू घातलं. दोघींचं काय बोलणं झालं कोणास ठाऊक, पण पुढच्या रविवारी ते वडील मोरीपाशी बाह्या सारून उभे होते.

ती एकदम बदलली, असं मात्र मी म्हणणार नाही. काळजी तिच्या हाडात होती. पाहुणे आले की तिचे पाय आपोआप आत वळायचे. मग ती खुर्चीचे हात धरून स्वतःला बसवून ठेवायची. मला म्हणायची, "बसणं हेसुद्धा एक काम आहे, सरू. मला ते येत नाही. शिकतेय." कधी कधी पुन्हा पातेलं आपटायची, पण आता मामांना हाक मारून, त्यांच्या देखत.

अंबुअम्मांशी मात्र तिचं मराठी वाढत गेलं. दोघी भिंतीशी उभ्या राहून एकमेकींच्या शब्दांवर वाद घालायच्या. अंबुअम्मांना आत्याची मराठी उसनी आणि नवी वाटायची, आत्याला त्यांची मराठी मोडी कागदातून उठून आल्यासारखी. एकदा अंबुअम्मांनी सहज विचारलं, "तुमच्या देवाने त्या कामसू बहिणीला रागे भरलं, ते तुम्हांस पटतं काय?" आत्याने त्यावर पुष्कळ विचार केलेला असावा, कारण ती लगेच बोलली.

"रागे कुठे भरलं? दोनदा तिचं नाव घेऊन हाक मारली. दोनदा हाक माणूस रागावून मारत नाही. आणि आमचे प्रवचनकार एक गोष्ट कधी सांगत नाहीत. ती बहीण भिंतीशी नाही बोलली, भांड्यांशी नाही बोलली. तडक जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, तुला माझी काही पर्वा आहे की नाही? देवाला असं विचारायला छाती लागते. तिचा राग तिने त्याच्या तोंडावर सांगितला, म्हणून त्याला उत्तर देता आलं. मी इतकी वर्षं गोड राहिले. मला कोण उत्तर देणार?"

माझ्या उभ्या आयुष्यात मी पुष्कळ संदेश ऐकले. लक्षात हाच राहिला.

मामा निवृत्त झाले आणि दोघं कुंभकोणमजवळच तिरुवलंचुळीच्या बाजूला एका लहानशा घरात राहायला गेली. मला पुण्याला नोकरी मिळाली. निघताना मी रडले. आत्या म्हणाली, "रड, पण सासरी गेलीस कधी तर गोड होऊ नकोस. गोड बायकांना आतून मुंग्या लागतात." गेल्या वर्षी एका दुपारी तिचं हृदय थांबलं. मी पोचले तेव्हा तिला चर्चमध्ये आणून ठेवलं होतं. सेल्वीटीचर तिच्या डोक्याशी बसल्या होत्या. अंबुअम्मा शेवटच्या बाकावर होत्या.

नवे पाळक तरुण होते, तिला फारसे ओळखत नव्हते. त्यांनी लिहून आणलेलं वाचायला सुरुवात केली. पास्टरम्मा म्हणजे सेवेची मूर्ती. त्या कधी थकल्या नाहीत. त्यांच्या तोंडून कधी कोणाविषयी तक्रारीचा शब्द निघाला नाही.

"तंबी, जरा थांबा," मामांनी धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारली. ते पुढच्या खुर्चीवर बसले होते. काठी टेकून उभे राहिले. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण चर्चमध्ये पंख्यांशिवाय दुसरा आवाज नव्हता.

"ती थकायची. तक्रार करायची. माझ्याबद्दल करायची, तुमच्याबद्दल करायची, देवाबद्दल देवाजवळ करायची. मला ते ऐकायला फार उशीर झाला. आज तिच्यासमोर खोटं वाचू नका. तिला आवडणार नाही." मग ते मंडळीकडे वळले. "ती तुम्हाला काय बोलली होती, ते सांगा."

मागच्या रांगेतला एक रिक्षावाला उठला. म्हणाला, "मला म्हणाल्या होत्या, दर रविवारी इथे येऊन गातोस आणि सख्ख्या भावाशी दहा वर्षं बोलत नाहीस, तुझा आवाज देवाला कसा सहन होतो?" त्याच्या शेजारचा माणूस त्याचा भाऊ होता. एक बाई उठली. मग ते मोरीवाले वडील उठले आणि बोलता बोलता हसू लागले, आणि सगळं चर्च हसू लागलं, डोळे पुसत. एकामागून एक माणसं उठत राहिली. तरुण पाळकांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला आणि पायरीवर बसून ऐकू लागले.

त्या दिवशी शवपेटी उचलायला फार उशीर झाला. घाई कोणालाच नव्हती.